दहा हजार व्होल्टना कागदाचे कुंपण

शाळा सुरू होण्याच्या आठवड्यात घरोघरी वह्या-पुस्तकांवर चढणारा खाकी कागद आणि महानगराला वीज पुरवणारी भूमिगत वाहिनी यांचा परस्परांशी काही संबंध असेल, असे सहसा कोणाच्या मनात येणार नाही. हा संबंध १८८९ च्या सुमारास लंडनमध्ये जुळला. तो जुळवणारा इंजिनीअर तेव्हा जेमतेम पंचविशीचा होता. हाताशी विद्यापीठाची पदवी नव्हती, अनुभव होता तो पाच-सात वर्षांचा आणि खांद्यावर होती १० लाख पौंड भांडवलाच्या कंपनीची जबाबदारी. सेबॅस्टियन झियानी डी फेरांटी हे त्याचे नाव. विद्युत अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना ते ‘फेरांटी परिणाम’ या प्रश्नपत्रिकेतल्या हमखास प्रश्नामुळे ठाऊक असते. इतरांना ते माहीत असण्याचे कारण नाही. पण शहरापासून दूर, मोठ्या केंद्रात वीज तयार करायची आणि उच्च दाबाने ती शहरात आणायची, ही आज स्वाभाविक वाटणारी व्यवस्था ज्यांच्या हट्टातून प्रथम उभी राहिली, त्यांत फेरांटी अग्रभागी होते. या हट्टाची मोठी किंमतही त्यांनी मोजली.

फेरांटी यांचा जन्म ९ एप्रिल १८६४ रोजी लिव्हरपूल येथे झाला. घराणे मूळचे इटलीचे आणि कलावंतांचे. आजोबा गिटारवादक म्हणून युरोपभर नावाजलेले, बेल्जियमच्या राजाच्या पदरी असलेले. वडील छायाचित्रकार, आई पियानोवादक. अशा घरातल्या मुलाला लहानपणापासून ओढ लागली ती यंत्रांची. शाळकरी वयातच त्याने विजेचा कमानदिवा बनवण्याचे प्रयोग केले आणि सोळाव्या-सतराव्या वर्षी नागमोडी गुंडाळीचे एक जनित्र तयार केले. १८८१ मध्ये तो सीमेन्स बंधूंच्या चार्ल्टन येथील कारखान्यात दाखल झाला. दुसऱ्याच वर्षी वकील फ्रान्सिस इन्स आणि आल्फ्रेड थॉम्पसन यांच्यासह त्याने स्वतःची कंपनी काढली. जनित्राची हीच कल्पना आधी सर विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनाही सुचली होती, हे नंतर लक्षात आले. तंटा न वाढवता केल्व्हिन यांना स्वामित्वधन देण्याचे ठरले. अठरा वर्षांच्या मुलाच्या आणि त्या काळातल्या सर्वांत मान्यवर भौतिकशास्त्रज्ञाच्या डोक्यात एकच रचना यावी, ही त्या मुलाच्या दृष्टीने मोठीच पावती होती.

त्याच्या आयुष्याला वळण मिळाले ते एका चित्रदालनामुळे. लंडनच्या बाँड स्ट्रीटवरील ग्रोव्हेनर गॅलरी ही सर कुट्स लिंडसे यांच्या मालकीची. चित्रांवर उजेड पाडण्यासाठी त्यांनी तेथे जनित्र बसवले आणि आजूबाजूचे दुकानदार, क्लब, धनिक घरे यांनीही वीज मागायला सुरुवात केली. गोलार आणि गिब्ज या जोडीच्या रोहित्रांवर ही व्यवस्था उभी होती. पण रोहित्रे एकापुढे एक अशी मालिकेत जोडलेली असल्याने एका ग्राहकाने दिवे मालवले की दुसऱ्याकडचा दाब हेलकावे खाई. जानेवारी १८८६ मध्ये, वयाची २२ वर्षेही पूर्ण झालेली नसताना, फेरांटी यांना मुख्य अभियंता म्हणून बोलावण्यात आले. त्यांनी ही मांडणी मोडीत काढली, रोहित्रे समांतर जोडली, २,४०० व्होल्ट दाबाच्या तारा घरांच्या छपरांवरून नेल्या आणि गोंधळ संपवला. तारा छपरांवरून नेण्यामागे कारण कायद्याचे होते. रस्ते खणायचे तर १८८२ च्या वीज कायद्यान्वये परवानगी लागे आणि त्यासोबत स्थानिक संस्थेला काही वर्षांनी सारा कारभार विकत घेण्याचा हक्कही मिळे. छपरे या कायद्यातून सुटली होती.

मात्र बाँड स्ट्रीटच्या मध्यवस्तीत जनित्रांचा धडधडाट आणि धूर किती काळ चालणार? कोळसा गाड्यांनी आणायचा, पाण्याची वानवा, जागेचे भाव गगनाला भिडलेले. फेरांटी यांनी याचे उत्तर शोधले ते टेम्सकाठच्या डेटफर्डला, सुमारे ७ मैल दूर. तेथे कोळशाची जहाजे थेट धक्क्याला लागणार होती, वाफ थंड करायला नदीचे पाणी होते आणि जमीन स्वस्त होती. १८८७ मध्ये लंडन इलेक्ट्रिक सप्लाय कॉर्पोरेशनची स्थापना झाली. अर्ध्या लंडनला पुरेल इतकी वीज एका छपराखाली तयार करायची, १०,००० अश्वशक्तीची अजस्र जनित्रे घडवायची आणि वीज शहरात न्यायची ती १०,००० व्होल्टने, असा हा बेत होता.

हा आकडा ऐकून भलेभले दचकले. त्या वेळी दोन-अडीच हजार व्होल्ट म्हणजे धाडसाची परिसीमा मानली जाई. फेरांटी यांच्यामागे मात्र साधे गणित उभे होते. दाब चौपट केला की तेवढीच वीज वाहून न्यायला प्रवाह पाव लागतो. आणि तारेत उष्णतेच्या रूपाने होणारी नासाडी प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने ती थेट सोळाव्या हिश्शावर येते. कमी दाबाने ७ मैल वीज न्यायची तर तांब्याचा खर्चच कंपनीला बुडवायला पुरेसा होता. विरोधकांत कर्नल क्रॉम्प्टन यांच्यासारखे जाणकार होते. ज्यांच्या नावाचे पंखे आजही आपल्या घरांत फिरतात, तेच हे क्रॉम्प्टन. उमेदीच्या काळात सैन्यातल्या नोकरीनिमित्त ते हिंदुस्थानातही राहिलेले होते. गल्लोगल्ली लहान केंद्रे, एकदिश प्रवाह आणि बेताचा दाब, हा त्यांचा आग्रह. अटलांटिकपलीकडे याच सुमारास एडिसन आणि वेस्टिंगहाऊस यांच्यात असेच द्वंद्व जुंपले होते. क्रॉम्प्टन यांचा विरोध आडमुठेपणाचा होता असे म्हणता येणार नाही. १०,००० व्होल्ट तयार करता येतील, यात त्यांच्यासारख्यांना फारशी शंका नसावी. ते तारेतच कोंडून कसे ठेवायचे, हा खरा प्रश्न होता आणि त्याला तेव्हा कोणाकडेच खात्रीचे उत्तर नव्हते.

वीज तारेतून वाहते तेव्हा ती तारेतच राहावी, यासाठी तारेभोवती विद्युतरोधकाचे कवच लागते. दाब वाढत जातो तसा त्या कवचावरचा ताण वाढतो आणि एका मर्यादेनंतर रोधकच फुटतो. कोरडी हवा सेंटीमीटरला साधारण ३० हजार व्होल्टपर्यंत तग धरते, रबर किंवा गटापर्चा त्याहून पुष्कळ अधिक. मग अडचण कुठे होती? ती होती दोषांत. रोधकाच्या थरात कुठे हवेचा सूक्ष्म बुडबुडा राहिला तर विजेचा ताण नेमका त्या बुडबुड्यातच एकवटतो, कारण हवेची विद्युतक्षमता भोवतालच्या घन पदार्थाहून कमी असते. हवा आधी फुटते, आत बारीक ठिणग्या पडू लागतात आणि त्या भोवतालचा पदार्थ कुरतडत जातात. डेटफर्डच्या विजेची आवर्तने सेकंदाला ८३ च्या आसपास होती आणि दर आवर्तनात दाब दोनदा शिखरावर जाई. हे शिखर १०,००० चे नव्हे, तर १४,००० व्होल्टच्या थोडे वरचे. म्हणजे दर सेकंदाला दीडशेहून अधिक वेळा त्या बुडबुड्याची परीक्षा होणार. भरीला ठिणग्यांतून निर्माण होणारा ओझोन रबराला तडे पाडतो, तर गटापर्चा उष्णतेने मऊ पडतो. समुद्रतळाच्या थंडाव्यात, तारायंत्राच्या किरकोळ दाबाला गटापर्चा उत्तम टिकला होता; लंडनच्या रस्त्याखाली १०,००० व्होल्टना तो पुरणारा नव्हता.

सुरुवातीला डेटफर्डसाठी मागवलेल्या रूढ पद्धतीच्या केबली चाचणीतच निकामी ठरल्या. इमारत उभी राहत होती, जनित्रे आकार घेत होती, भागधारकांचा पैसा अडकला होता आणि वीज शहरात नेणारी वाहिनीच अस्तित्वात नव्हती. अशा वेळी दाब निम्म्यावर आणून वेळ मारून नेणे हा शहाणपणाचा मार्ग होता. फेरांटी यांनी तो पत्करला नाही. त्यांनी केबल स्वतःच तयार करायचे ठरवले.

त्यांनी निवडलेला पदार्थ पाहून अनेकांनी कपाळाला हात लावला असेल. तो होता साधा खाकी कागद, ओझोकेराइट नावाच्या खनिज मेणात भिजवलेला. तांब्याची एक नळी, तिच्यावर या मेणकागदाचे वेटोळ्यांवर वेटोळे चढवून केलेले सुमारे अर्ध्या इंचाचे कवच, त्यावर दाबून बसवलेली तांब्याची दुसरी नळी, पुन्हा कागद आणि सर्वांत बाहेर लोखंडी आवरण, अशी या वाहिनीची घडण. आतल्या नळीतून वीज जाणार आणि बाहेरच्या नळीतून परत येणार. बाहेरची नळी जमिनीशी जोडलेली, म्हणजे स्पर्शाला निर्धोक.

आज मागे वळून पाहताना या निवडीतले मर्म कळते. कागदाचा एखादा थर सदोष निघाला, त्यात एखादे छिद्र असले, तरी त्याच्या वर-खाली डझनावारी दुसरे थर असतात आणि सर्व थरांतली छिद्रे नेमकी एका रेषेत येण्याची शक्यता नगण्य असते. रबराच्या सलग कवचात मात्र एक दोष म्हणजे आरपार दोष. कोरडा कागद हवा आणि दमट हवेतले पाणी शोषून घेतो, हा त्याचा मोठा अवगुण. पण गरम मेण नेमक्या त्याच पोकळ्या भरून काढते. कागद ताण पेलतो, मेण हवेला जागा ठेवत नाही आणि दोघे मिळून जे साधतात ते एकट्याने कोणालाच साधत नाही.

या वाहिनीला एक मोठी गैरसोय चिकटलेली होती. ती लवचीक नव्हती. रिळावर गुंडाळून आणता येत नसल्याने ती २० फुटांच्या तुकड्यांत बनवावी लागे आणि लोहमार्गांच्या कडेने, पुलांवरून, रस्त्यांखालून जागेवर जोडावी लागे. एकूण लांबी सुमारे २८ मैल. म्हणजे सात हजारांहून अधिक सांधे आणि प्रत्येक सांधा म्हणजे रोधकाला दिलेली चीर. कोणत्याही केबलीत सांधा हाच दुबळा दुवा असतो, हे वीज कंपनीतला कोणताही अनुभवी जोडारी आजही सांगेल. फेरांटी यांनी तुकड्यांची टोके लांबट शंकूच्या आकारात तासून घेतली. एकाचे टोक निमुळते, दुसऱ्याचे तितकेच खोलगट. दोन्ही एकमेकांत जोराने दाबली की कागदावर कागद घट्ट बसे आणि विजेला सरळ बाहेर पडायला आडवी फट उरत नसे; पळायचेच झाले तर तिला शंकूच्या लांब उतारावरून जावे लागे. युक्ती सुताराला सुचावी अशी साधी होती आणि ती यशस्वी ठरली.

तरीही लोकांच्या मनातली धास्ती जात नव्हती. रस्ता खणणाऱ्या एखाद्या मजुराची पहार या वाहिनीत घुसली तर काय, हा प्रश्न सरकारी अधिकारीही विचारत होते आणि तो रास्तच होता. फेरांटी यांनी याचे उत्तर प्रात्यक्षिकाने दिले. पूर्ण दाब असलेल्या वाहिनीवर एका सहकाऱ्याने छिन्नी हातात धरली आणि दुसऱ्याने तिच्यावर घण घातला. छिन्नी बाहेरची नळी आणि कागद भेदून आतल्या नळीला भिडली, मंडल जुळून फ्यूज उडाला आणि छिन्नी धरणाऱ्याला काहीही झाले नाही. जमिनीशी जोडलेल्या बाह्य नळीने विजेला माणसाच्या शरीरापेक्षा सोपी वाट दिली होती. हिशेब शंभर टक्के बरोबर असला तरी ती छिन्नी स्वतःच्या मुठीत धरायला काळीज लागते, आणि ज्याने धरली त्याचा मालकावरचा विश्वास किती असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

या वाहिन्यांनी आणखी एक कोडे घातले. डेटफर्डला जेवढा दाब दिला जाई त्याहून लंडनच्या टोकाला तो अधिक भरू लागला. वाटेत काही तरी गळायला हवे, तर उलट वाढ! एकात एक बसवलेल्या दोन नळ्या आणि मधला कागद मिळून एक प्रचंड लांबीचा कपॅसिटर तयार झाला होता. त्याला भारित करणारा प्रवाह दाबाच्या पुढे धावत असे आणि जनित्र व रोहित्रांच्या गुंडाळ्यांतून जाताना दाब कमी करण्याऐवजी वाढवत असे. पुढे रेडिओच्या व्हॉल्व्हमुळे प्रसिद्धी पावलेले जॉन अँब्रोज फ्लेमिंग यांनी १८९१ मध्ये याची शास्त्रीय उकल मांडली. हाच तो ‘फेरांटी परिणाम’. मध्यरात्रीनंतर मागणी ओसरली की लांब पल्ल्याच्या रिकाम्या वाहिन्यांवर दाब चढू लागतो आणि तो आवरायला उपकेंद्रांतून रिअॅक्टर चढवावे लागतात, त्यामागचे कारण तेच.

यश असे दृष्टिपथात असतानाच फासे फिरू लागले. १८८९ मध्ये व्यापार मंडळाने मेजर मॅरिंडिन यांच्यामार्फत चौकशी केली आणि लंडनच्या वीजपुरवठ्याचे क्षेत्र अनेक कंपन्यांत वाटून टाकले. डेटफर्डच्या वाट्याला अपेक्षेहून पुष्कळ कमी इलाखा आला. अर्ध्या शहरासाठी आखलेल्या केंद्राला ग्राहकच पुरेसे उरले नाहीत आणि ती १०,००० अश्वशक्तीची जनित्रे कधीच पूर्ण झाली नाहीत. मग १५ नोव्हेंबर १८९० चा दिवस उजाडला. ग्रोव्हेनर गॅलरी तोवर डेटफर्डहून येणारी वीज वाटणारे उपकेंद्र झाली होती. तेथे जोडणी बदलताना एका कर्मचाऱ्याच्या हातून चूक झाली, प्लगच्या टोकांत ठिणगीची कमान पेटली आणि भोवतालच्या लाकडी सामानाने क्षणात पेट घेतला. उपकेंद्र भस्मसात झाले. पुरवठा सावरण्याच्या धडपडीत डेटफर्डची रोहित्रेही जळू लागली आणि अखेर सारा पुरवठा बंद करावा लागला. ऐन हिवाळ्यात अंधारात बसलेले ग्राहक दुसऱ्या कंपन्यांकडे वळले. फेब्रुवारी १८९१ मध्ये वीज पुन्हा सुरू झाली, तीही ठरल्याप्रमाणे १०,००० व्होल्टने. पण संचालकांचा धीर सुटला होता. त्याच वर्षी फेरांटी यांना डेटफर्ड सोडावे लागले. तेव्हा त्यांचे वय २७ वर्षांचे होते.

या आगीत दगा दिला तो कागदाने नव्हे. उपकेंद्रातली जोडणीची व्यवस्था आणि लाकडी चौकटी हा दुबळा भाग होता. वाहिनीवर जितका विचार झाला, तितका स्विचवर झाला नव्हता, आणि ही जबाबदारी मुख्य अभियंत्याचीच होती, हे त्यांच्या चाहत्यांनाही नाकारता येणार नाही.

पुढची वर्षे त्यांनी स्वतःच्या कारखान्यात घालवली. १८८८ मध्ये भागीदार इन्स यांच्या कन्येशी, गर्ट्रूडशी, त्यांचा विवाह झाला होता; त्यांना सात अपत्ये झाली. १८९० च्या दशकात कारखाना लँकेशायरमधील हॉलिनवुड येथे हलला. मीटर, रोहित्रे, स्विचगिअर, वाफेची इंजिने असा पसारा वाढला. मात्र हिशेब जमेना. १९०३ मध्ये कंपनी धनकोंच्या हाती गेली आणि १९०५ च्या पुनर्रचनेनंतर आपल्याच नावाच्या कारखान्याची सूत्रे त्यांच्याकडे राहिली नाहीत. ते टर्बाइन आणि सूतकताईच्या यंत्रांकडे वळले. आयुष्यभरात त्यांच्या नावावर पावणेदोनशेच्या आसपास पेटंट जमा झाली. १९१० मध्ये विद्युत अभियंता संस्थेच्या अध्यक्षपदावरून बोलताना त्यांनी देशभरचा कोळसा मोजक्या मोठ्या केंद्रांतच जाळावा आणि घरापासून कारखान्यापर्यंत सर्वत्र केवळ वीज पोहोचवावी, असा विचार मांडला. डेटफर्डचेच स्वप्न, आता अख्ख्या देशाच्या आकाराचे. पहिल्या महायुद्धाच्या काळात ते पुन्हा कंपनीत सक्रिय झाले. १९१७ मध्ये त्यांचा थोरला मुलगा बेसिल युद्धात जखमी होऊन मरण पावला. १९२७ मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले.

मधल्या काळात कागदाने जग जिंकले होते. मेणाची जागा तेलाने घेतली, ताठ नळ्यांऐवजी शिशाच्या आवरणातली वळणारी केबल आली, पण तेलात मुरलेला कागद हेच उच्च दाबाच्या भूमिगत केबलींचे अंतरंग राहिले. १९७०-८० च्या दशकांत क्रॉस-लिंक्ड पॉलिइथिलीनच्या केबलींनी त्याला हळूहळू बाजूला सारले. मुंबईला १९१५ पासून खोपोलीहून येऊ लागलेली टाटांची वीज १ लाख व्होल्टची होती, म्हणजे डेटफर्डच्या दहापट. पण ती घाटाखालून मनोऱ्यांवरून येत होती. तेथे चिनीमातीच्या रोधकांखेरीज सारे काम फुकटातली हवा करते. जमिनीखाली ही सोय नसते.

रोहित्रांतून तर कागद अजूनही हललेला नाही. मोठ्या रोहित्राच्या गुंडाळ्यांवर आजही क्राफ्ट कागदच असतो, म्हणजे त्याच खाकी कागदाचा शुद्ध, कुलीन वंशज. तेल गाळता येते, बदलता येते. गुंडाळीवरचा कागद बदलता येत नाही. उष्णता, ओलावा आणि प्राणवायू यांच्यामुळे त्यातल्या सेल्युलोजच्या साखळ्या तुटत जातात. नव्या कागदात हजाराच्या आसपास दुवे असलेली साखळी दोनशेवर आली की कागद ठिसूळ होतो आणि जवळपास झालेल्या शॉर्टसर्किटच्या एखाद्या हिसक्यानेही तो फाटू शकतो. कागदाचे आयुष्य संपले की रोहित्राचे संपले, असे अभियंते मानतात. तेलाच्या नमुन्यात फ्युरान संयुगांचे प्रमाण तपासले जाते, ते या न दिसणाऱ्या कागदाची तब्येत जाणण्यासाठी.

फेरांटी यांचे निधन १३ जानेवारी १९३० रोजी झुरिक येथे झाले. १९२६ च्या कायद्यानुसार ब्रिटनमध्ये १ लाख ३२ हजार व्होल्टच्या राष्ट्रीय ग्रिडचे काम तेव्हा सुरू होते आणि त्यासाठी लागणारी रोहित्रे बनवणाऱ्यांत हॉलिनवुडचा कारखानाही होता. कंपनीची धुरा मुलगा व्हिन्सेंट याच्याकडे गेली. १९५१ मध्ये याच कंपनीने मँचेस्टर विद्यापीठाला संगणक बनवून दिला आणि १९९३ मध्ये ती बुडाली. ग्रिड १९३३ मध्ये कार्यान्वित झाले. डेटफर्डच्या मेणकागदी वाहिनीचे शेवटचे तुकडे, चाळीसहून अधिक वर्षांच्या सेवेनंतर, त्याच वर्षी वापरातून काढण्यात आले.